सहा पानं मोज, मग खूड

तारेवर कपडे वाळत घालत होते, तर कुंपणापलीकडून काकू. "काय व, सुपात काय आणलं?"

"तरोटा," मी ऐटीत म्हणाले. माहेर माझं चिपळूणचं, तिकडे हाच टाकळा. पाऊस झाला, कन्हानकडच्या वाटेनं हिरवंगार उगवलं, फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि पिशवी घेऊन निघाले.

काकूंनी मूठभर उचललं, चष्मा वर केला. "अर्धा तरोटा हाय, अर्धा नाही. हे पाय, तरोट्याच्या एका देठाले सहाच पानं. तीन जोड्या, टोकाकडं गोल. अन् हे तुह्यं? टोकदार, जोड्या चार-पाच. चुरगाळ बरं."

चुरगाळलं. असा भपकारा आला की हात साबणानं धुवावे लागले.

"हा कासविंदा. याच्या शेंगा पोट्ट्यांनी खाल्ल्या तं जिवावर बेतते."

काकू घाबरवतात असं वाटलं होतं. मागाहून वाचलं, पश्चिम उत्तर प्रदेशात डॉक्टर ज्याला मेंदूज्वर समजत होते, त्यात दगावलेल्या कितीतरी मुलांनी ह्याच झाडाच्या बिया खाल्ल्या होत्या.

"आता कोपऱ्यावरल्या गुरुजींचंच घे," काकूंनी आवाज उतरवला. म्हणजे खरा विषय आता. "कोरोनात कडुलिंबावरची सारी गुळवेल ओढून नेली. दोन टाइम काढा, महिनोन् महिने. बायको म्हणे पुरे करा, तं हे म्हणे झाडपाल्यानं काही होत नसते."

"मग?"

"मंग काय, डोळे पिवळे!"

तसे गुरुजी एकटे नव्हते. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं गुळवेलीवर दोष येऊ दिला नाही. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते, असं त्यांचं म्हणणं. काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तेच तं मी म्हणून राहिली! ओळख पाहिजे."

मग समोरच्या सुनेची पाळी. पातूरची भाजी ताटात आली की "हे गवत कोण खाते" म्हणून नाक मुरडायची. मागच्या ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या रानभाजी महोत्सवात त्याच पातूरची जुडी हातात धरून फोटो काढून आली. "फोटोत हसली, घरी अजूनही खात नाही," हे काकूंचं शेवटचं वाक्य.

"पण काकू, तुमच्या धुऱ्यावर तर ढीगभर असायचा ना तरोटा?"

"दिरानं तणनाशक मारलं वो. काडी नाही राहिली."

बोलता बोलता त्यांनी माझं सूप निवडून टाकलं होतं. कासविंदा कुंपणाबाहेर फेकला, कोवळा तरोटा पदरात घेतला. "लसूण-मिरची टाकून करते, वाटीभर पाठवते."

आज तिसरा दिवस. वाटी आलेली नाही.