थाई क्लासवाला

थाई क्लासवाला म्हणजे थायलंडच्या सहलीत अर्ध्या दिवसाचा स्वयंपाकाचा क्लास करून आलेला आणि त्याआधी चुलीशी विडी पेटवण्यापुरताच संबंध असलेला गृहस्थ. हा नमुना आता बराच पसरला आहे, पण तो पाहावा पवनी तालुक्यातल्या आसगावचा. चौरास पट्ट्यातले हे गाव धानाचे. जवळच नागपूर जिल्ह्यातले भिवापूर, जिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. भात आणि मिरची या दोन विषयांत इथल्या माणसाला परदेशी शिकवणी लावण्याचे काही कारण नाही. तो नेमकी तीच लावतो.

वय पन्नाशीचे, नोकरी नागपूरला, घर गावी. चियांग माईला हत्ती आणि मंदिरे बघून झाली की दुसऱ्या दिवशी काय, या पेचातून तो क्लासला पोचतो.

क्लास बाजारापासून सुरू होतो. पवनीच्या बाजारात पिशवी बायकोच्या हाती देणारा हा गृहस्थ इथे टोपली खांद्याला अडकवून हिंडतो. गवती चहा दिसला की गाववाला भेटल्यासारखा हरखतो. कुलंजनाला आले समजतो. ही चूक बहुतेकांची होते.

खरा अभ्यास हिरव्या करीच्या वाटणाचा. दगडी खलात हिरव्या मिरच्या, लसूण, गवती चहा, कुलंजन, सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) मुळे आणि कापी, म्हणजे झिंग्यांचा आंबवलेला लगदा, असे सगळे कुटायचे असते. सांबाराची मुळे घरी उकिरड्यावर जातात. इथे तो ती मातीचा कण राहू नये म्हणून तीनदा धुतो. घरी सुकलेले झिंगे तव्यावर पडले की नाकाला रुमाल लावून ओसरीवर जाणारा माणूस कापीची वाटी नाकाशी धरून मान डोलावतो. मिरची भारतात आणि थायलंडात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे आली, मूळची ती अमेरिका खंडातली. तरीही ‘आपली जास्त तिखट’ हे तो शिकवणाऱ्या बाईंना खुणांनी पटवून देतो.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. निवडणे, धुणे, चिरणे क्लासमध्ये बहुतेक आधीच उरकलेले असते, वाट्या मांडून ठेवलेल्या असतात आणि भांडी घासायला दुसरी माणसे असतात. शिकणाऱ्याच्या वाट्याला खलातले दणके आणि कढईतले चार मिनिटांचे ढवळणे येते. स्वयंपाक सोपा असतो, हे त्याचे मत इथेच पक्के होते.

मग चिकट भात. हे तांदूळ काही तास भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात आणि आंब्यासोबत, नारळाच्या गोड दुधात वाढतात. आसगावात भाताचा गोळा झाला तर रांधणारीचा उद्धार होतो. तो गोळा जाणूनबुजून कसा करावा, हे तो वहीत उतरवून घेतो.

गावी परतल्यावर प्रमाणपत्राला चौकट बसते आणि एका रविवारी प्रात्यक्षिक होते. बायको चिरते, सून कुटते, तो ढवळतो. टॉम यम कुंग या थाई सूपला 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, ही माहिती जेवणाऱ्याचा पहिला घास तोंडाशी जाण्याआधी दिली जाते. करीसाठी नारळाचे दूध तेल सुटेपर्यंत आटवायचे असते. हा टप्पा तो हमखास विसरतो. आई पळीने वरचे पांढरे पाणी हलवते.

“याले तर्री नाई.”

मग ती भिवापुरी तिखटाची फोडणी वरून ओतते आणि पातेले रिकामे होते. या प्रकाराला तो फ्यूजन म्हणतो.

जेवणानंतर आई हिशोब विचारते.

“काहून बाबू, मिरची कुटाले पैसे देल्ले तुनं?”

“जेवण त्यातच होतं, माय.”

“अन् ते रांधलं कोनं?”

“मीच.”

“म्हंजे पैसेबी तुनंच देल्ले, अन् रांधलंबी तुनंच?”