शंभर माणसांत एकशे एकतीस

आपल्या देशात एक मोजणी दर महिन्याला होते. पाऊस लांबो, पीकविमा रखडो, सरकारे पडोत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे आपले 'ट्राय', ग्राहकांचा तक्ता काढतेच. कुठल्या कंपनीला किती नवे ग्राहक लाभले, कुणाचे किती गळाले, लँडलाइन किती, मोबाइल किती, ब्रॉडबँड किती, सगळे त्यात असते. 2024 सरताना एकूण आकडा 119 कोटींच्या घरात होता. माणसांची शिरगणती मात्र 2011 नंतर थेट 2027 ची. शंभर माणसांमागे किती जोडण्या, हे काढायला भागाकार करावा लागतो. त्यात वरचा आकडा ताजा, गेल्या महिन्याचा. खालचा अंदाजपंचे, 2011 च्या पायावर रचलेला. देशात सिमकार्डे किती हे पक्के ठाऊक आहे. माणसे किती, हे 'साधारण' ठाऊक आहे.

या भागाकाराला 'दूरध्वनी घनता' म्हणतात. 2024 च्या अखेरीस शहरांत ती 131 च्या आसपास होती आणि खेड्यांत 59 च्या आतबाहेर. दिल्लीत तर माणशी दोनाहून जास्त जोडण्या. तिथे एक फोन बोलायला आणि दुसरा 'मी बोललोच नाही' म्हणायला लागत असावा.

या तक्त्यात सातारा-सांगलीचे काय, म्हणून आम्ही चष्मा पुसून बघितले. सातारा नाही, सांगलीही नाही. देशाची 22 परिमंडळे आहेत. मुंबईचे वेगळे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरे. कळंगुटच्या वाळूत पडून सेल्फी काढणारा आणि कांदाटी खोऱ्यात रेंज शोधत टेकडी चढणारा, दोघे एकाच रकान्यात. सरासरी काढली की दोघेही मजेत.

बरे, आमची माणसे तरी या रकान्यात पूर्ण आहेत का? पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत, तेव्हा त्याचे सिम मुंबई परिमंडळात. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला देशभरात कुठेही सोने गाळत बसलेला, त्याचे सिम त्या त्या राज्यात. गावात उरले म्हातारा-म्हातारी आणि त्यांचा बटणांचा फोन. शहराची घनता 131 कशी आणि गावाची 59 का, याचे उत्तर एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीपाशी उभे राहिले तरी मिळेल.

त्या बटणांच्या फोनचेही ऐका. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानात जावळीकडची एक आजी आली होती. कनवटीची पिशवी सोडून तिने दहाच्या घड्या घातलेल्या नोटा एकेक करून काचेवर मांडल्या.

"बाळा, मला कुणाला लावायचा न्हाई. पोराचा नुसता आला पायजे."

"आजी, येण्याचेच पैसे आहेत."

"त्यो लावतोय की तिकडनं पैसं भरून! मग माझं कशाचं?"

दुकानातला पोरगा गप्प राहिला. आम्हीही राहिलो. 2003 साली येणारे फोन फुकट झाले तेव्हा देशाने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. 2018 च्या अखेरीस कंपन्यांच्या लक्षात आले, की लोक नुसते ऐकतात, मिस्ड कॉल देतात आणि पैसे भरत नाहीत. मग किमान रिचार्ज आला. आता कान उघडा ठेवायचेही भाडे पडते. पुढे ट्रायला म्हातारीची दया आली आणि डेटाशिवाय, नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवा, असा नियम 2024 च्या डिसेंबरात निघाला. ते रिचार्जही निघाले. दुकानात मात्र भिंतभर पोस्टर डेटाच्या प्लॅनचे. आजीचा प्लॅन विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि आजीला तो असतो हेच माहीत नाही.

रिचार्जचा महिना 28 दिवसांचा, हा शोध कुण्या ज्योतिषाने लावला कोण जाणे. 28 ला 13 ने गुणा, 364 होतात. म्हणजे वर्षाला तेरा महिने. पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, इथे दरसाल धोंड्याचा महिना, आणि जावई कायम कंपनीच. यावरही ट्रायने 2022 मध्ये फर्मान काढले, की निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा. कंपन्यांनी आज्ञा अगदी अक्षरशः पाळली.

लँडलाइनची गंमत आणखी वेगळी. एके काळी फोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापत आणि मुलाकडच्यांचा निरोप येईपर्यंत त्या शेजाऱ्याला चहा पाजत. वीसेक वर्षांपूर्वी अशा जोडण्या देशात पाच कोटींच्या वर गेल्या होत्या, मग घसरत दोन कोटींवर आल्या. आता त्या पुन्हा वाढताहेत, 2024 च्या अखेरीस चार कोटींच्या जवळ पोचल्या होत्या. लोकांना काळ्या डबड्याची आठवण आली असे समजू नका. वाय-फायसाठी फायबर घेतले की सोबत लँडलाइन नंबर मिळतो. घरात यंत्र नाही, नंबर कुणाला पाठ नाही, घंटा कधी वाजत नाही, पण ग्राहक वाढला!

फायबरवरून आठवले. 1942 मध्ये सातारा जिल्ह्यात, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा साताऱ्यातच होता, इंग्रजांच्या टेलिग्राफच्या तारा तोडल्या जात. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या काळी तार खांबावर असे आणि तोडणारे भूमिगत. आज केबल भूमिगत आणि तोडणारा भर दुपारी जेसीबी घेऊन येतो, वर ठेकेदाराची पावतीही दाखवतो. केबल तुटल्यावर आमच्या आळीत चार दिवस इंटरनेट नव्हते. त्या महिन्याच्या तक्त्यात आम्ही ब्रॉडबँडचे ग्राहकच होतो. 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान दोन एमबीपीएसचा वेग लागतो. आमचा वेग शून्य होता, पण बिल पूर्ण वेगाने आले.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 2024 मध्ये दर महिन्याला कोटीवर लोक असा अर्ज करत होते. महाराष्ट्राला ही सोय समजावून सांगावी लागली नाही. मतदारसंघ तोच, चेहरा तोच, चिन्ह तेवढे नवे. फरक इतकाच, की तुम्हाआम्हाला एका कंपनीत किमान 90 दिवस काढावे लागतात. आमदारांना असले बंधन घातले तर विधानभवनाचे नेटवर्कच बसेल.

आमच्या पुढाऱ्यांनी तर ट्रायला सुचला नाही असा तिसरा प्रकार काढला आहे. तक्त्यात सिम 'सक्रिय' असते किंवा नसते. शंभरातली नव्वदेक सिमे सक्रिय, बाकीची ड्रॉवरमध्ये. पण मराठी वर्तमानपत्रांत तिसरी अवस्था असते, 'नॉट रिचेबल'. तिकिटे वाटायच्या आदल्या रात्री निम्मा जिल्हा नॉट रिचेबल होतो. 2024 च्या विधानसभा निकालानंतर एकनाथ शिंदे कोयनेकाठच्या आपल्या दरे गावी येऊन राहिले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र कोयनेच्या पाण्याकडे टक लावून बसला होता. तिथल्या गावकऱ्यांना यात नवल वाटले नसेल. त्या डोंगरात न लागणाऱ्या फोनची कधी ब्रेकिंग न्यूज होत नाही.

उलट बाजूलाही एक गाव आहे. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरे अभ्यासाला बसतात. यात बायामाणसांचा पुढाकार मोठा. या दीड तासाचा तक्त्यात मागमूस नाही. तिथली सिमे चालू, रिचार्ज भरलेले, ग्राहक शाबूत. कंपनीला तुम्ही फोन बघता की बंद ठेवता, याचे सोयरसुतक नाही. पैसे भरलेत ना, मग तुम्ही आहात.

आणि या तक्त्याचे सार एवढेच, की पैसे भरतो तो मोजला जातो. म्हणून आता यंत्रांचीही वेगळी मोजणी सुरू आहे. विजेच्या स्मार्ट मीटरमध्ये सिम असते, ट्रॅक्टरवरच्या जीपीएसमध्ये असते, अशी सिमे देशात कोट्यवधी आहेत. मीटर कधी कंपनी बदलत नाही, कस्टमर केअरला फोन करत नाही, येणाऱ्या फोनचे पैसे का, असा आगाऊ प्रश्न विचारत नाही. आदर्श ग्राहक म्हणतात तो हाच. आजीने त्याच्याकडून शिकायला हवे.

राहिली माणसांची गणना. ती 2027 मध्ये होणार आणि पहिल्यांदाच डिजिटल. प्रगणक आपल्याच मोबाइलवर ॲप उघडून दारात उभा राहील. माणूस मोजायचा तोही फोननेच. तेव्हा जावळी-पाटणच्या वाट्याला आलेल्या गुरुजींना आमची कळकळीची विनंती, की डोंगर चढण्याआधी रिचार्जची तारीख बघून घ्या. 28 वा दिवस असेल, तर खालूनच परत फिरा. आजी सोळा वर्षे थांबली, तुमच्या रिचार्जपर्यंतही थांबेल.