रा. रा. एजंटसाहेब, चेक इंजिनचा दिवा कुठे गेला?

रा. रा. गाडीएजंट साहेब यांस,


तुमच्याकडून घेतलेली सात आसनी डिझेल एसयूव्ही खुशाल आहे. एसी गारठवतो, सनरूफ उघडतं, गाणी झकास वाजतात. फक्त ती ओढत नाही. आणि ओढायला गाडी हवीय, हे मी पहिल्या भेटीत, चहा यायच्याही आधी सांगितलं होतं. "साहेब, मागे डोंगर बांधा, ओढेल," हे तुमचे शब्द.

डोंगर राहू द्या. नागावच्या पुळणीवरून बोट वर घ्यायची होती. फायबरची बोट, मशीन आणि ट्रेलर मिळून दीडेक टन. 1 जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी किनाऱ्यावरच्या सगळ्यांचीच ही घाई असते. ओहोटी पाहून गाडी जोडली. चढ लागला तशी तिने काळा धूर सोडला, हुस्स करून लांबलचक उसासा टाकला आणि ट्रेलर उलटा पाण्याकडे निघाला. मागे माझा पुतण्या चाकाखाली ओंडका सरकवायला वाकला होता. त्याने वेळीच अंग काढलं म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय, नाहीतर पोलीस ठाण्यात लिहीत बसलो असतो.

बोट शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने काढली. गर्दी जमलीच होती. 2024 च्या वर्षअखेरीस रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याची आठवण मला निदान चार जणांनी करून दिली. पण त्या फेरारीला कुणी ओझं ओढायला सांगितलं नव्हतं. तिची इज्जत शाबूत आहे.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. "डॉक्टरची गाडी, सिंगल हँड" होती; डॉक्टर कसले ते विचारणार नाही. मागच्या दारावर 4×4 अशी चकचकीत अक्षरं आहेत. खाली वाकून पाहिलं तर पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही. अक्षरं बाजारात सुटी मिळतात म्हणे. टायर कंपनीच्या मापापेक्षा थोराड. दिसतात रुबाबदार, पण चाक जेवढं मोठं, तेवढा प्रत्येक गिअर जड पडतो आणि ओढ कमी होते. हे सगळं मी गिळलं असतं.

गिळवत नाही ते पुढचं आहे.

आमच्या मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. सीटवर बसून चावी फिरवली, इंजिन चालू न करता, आणि मीटरकडे बघत राहिला. चावी ऑन केली की सगळे दिवे क्षणभर लागून आपली हजेरी देतात. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, एअरबॅगचा लागला. चेक इंजिनचा लागलाच नाही. मिस्त्रीने मीटर खोलला. नेमक्या त्या दिव्यावर नखाएवढी काळी टेप चिकटवलेली. कडा कात्रीने सरळ कापलेल्या. काम सुबक होतं, हे मान्य करायला हवं.

मग स्कॅनर लावला. पी 0299, म्हणजे टर्बोचा दाब कमी. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपला वळणावर चीर होती आणि चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन क्लिपा आवळल्या होत्या. रिकाम्या गाडीत पट्टी तग धरते. मागे वजन आलं, टर्बोने हवा रेटली, की चीर तोंड वासते. हवा बाहेर, डिझेल आत, म्हणून तो धूर. मग कॉम्प्युटर इंजिनाचा जोर आवरता घेतो. ट्रायलच्या दिवशी तुम्ही अलिबागहून निघून कार्लेखिंडीच्या अलीकडूनच गाडी का वळवलीत, ते आता कळलं. "पुढे ट्रॅफिक असतं," म्हणाला होतात. पुढे चढ असतो.

पाइप फाटला याचा राग नाही. रबर आहे, फाटणारच. पण गाडी बिचारी सांगत होती, मला दम लागतोय, आणि कुणीतरी मांडी ठोकून बसून, स्क्रू काढून तिचं तोंड बंद केलं! एवढ्या मेहनतीत नवा पाइप बसला असता. लाज कशी वाटली नाही हो? वाळूत वाकलेलं पोर होतं ते.

बरं, एक गोष्ट तुमच्या बाजूने. टेप तुम्ही लावली नसेलही. 2015 साली हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून वय भरत आलेल्या गाड्या तिकडून एनओसी घेऊन निघू लागल्या आणि पेणच्या आरटीओत एमएच 06 होऊन आमच्या दारात येऊ लागल्या. त्यातलीच ही. तुम्ही मोबाइलवरच्या फोटोंवर बोली लावली असेल, व्याजाच्या पैशाने. ट्रकमधून उतरल्यावर ती कशी आहे ते कळलं असेल. तेव्हा परत तरी कुणाला देणार? तुम्ही स्वतः एका खिळखिळ्या स्कूटरवर घरी जाता, हे मी पाहिलंय. तिचे सगळे आवाज मात्र ऐकू येतात, काही झाकलेलं नाही.

पाइप बदलला. दिवा आता लागतो आणि विझतो. टायर, अक्षरं आणि तो न लावलेला शाफ्ट यांचं काय करायचं, ते तुम्ही फोन उचललात की बोलू.

तोवर एक. रविवारी माझा मेहुणा तुमच्या शेडमधली पांढरी गाडी बघायला येतोय. सोबत मिस्त्री असेल. ट्रायल पोयनाडपर्यंत घेणार आहेत, खिंड चढून. चहा तिघांचा सांगा.

कळावे,
आपला (सध्या तरी) ग्राहक,
नागाव, ता. अलिबाग