मामलेदार

संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर कुत्र्यांची वरात निघते. लॅब्रेडोर, पग, बीगल, शिवाय कुणाच्या तरी मुलाने बंगळुरूला जाताना आईवडिलांच्या गळ्यात मारलेला एक हस्की. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाची मंडळी एकमेकांना 'ब्रूनोचे बाबा', 'कोकोची आई' म्हणून ओळखतात. या समाजात मला जागा नाही. माझ्याकडे भेक आहे.

भेक म्हटल्यावर तळ्यातला हिरवा, तुकतुकीत बेडूक डोळ्यांपुढे आणू नका. हा मातकट, कोरडा, अंगभर चामखिळी असलेला आणि उडी मारण्यापेक्षा चार पावलं चालणं बरं असं मानणारा गृहस्थ. आम्ही कोथरूडला तळमजल्यावर राहतो. मागच्या दारी कुंड्या आणि धुणं मावेल एवढी फरशी, तिथे पाण्याचं पिंप, आणि पिंपाखालच्या विटांच्या फटीत हे महाशय. पाळला म्हणजे पकडून आणलेला नाही, कोंडलेलाही नाही. दिवसभर तो फटीत असतो. दिवेलागणीला बाहेर येतो, दाराबाहेरच्या दिव्याखाली ठाण मांडतो आणि किड्यांची वाट बघतो. मी दिवा लावतो. माझा वाटा एवढाच. पण बिल मी भरतो, तेव्हा प्राणी माझा.

त्याचं नाव मामलेदार. पाहुण्यांना वाटतं ते बसण्यावरून पडलं, कारण पोट पुढे, मान गायब आणि चेहऱ्यावर 'उद्या या' हा भाव कायमचा. खरं कारण त्याची नजर. भेकाला जे हलतं तेच खाण्याजोगं वाटतं. मेलेलं झुरळ पुढ्यात ठेवा, ढुंकून बघणार नाही. तेच दोऱ्याला बांधून बोटभर सरकवा, की साहेब लगेच वळून बसतात. प्रकरण हलल्याशिवाय दखल घ्यायची नाही, हे शिक्षण त्याला कुठल्या कचेरीत मिळालं कोण जाणे.

एकदा दखल घेतली की निकाल मात्र जागच्या जागी. त्याची जीभ तोंडात पुढच्या बाजूला जोडलेली. ती उलटी बाहेर पडते, आणि तुम्हाला दिसतं ते एवढंच की मघाशी इथे किडा होता. मग तो डोळे मिटतो. समाधानाने वगैरे नाही. तोंडात दात नसल्याने घास पुढे ढकलायला डोळ्यांचे गोळेच आत दाबले जातात. पंगतीत शेजारच्याच्या ताटाकडे बघणारे आमचे एक काका सोडले, तर डोळ्यांनी गिळणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

पाणी पिण्याची तऱ्हा त्याहून वेगळी. तोंडाने पाणी पिणं त्याला मंजूर नाही. ओल्यात बसायचं आणि पोटामांड्यांच्या कातडीतून ते शोषून घ्यायचं. ओलं म्हणून त्याने नेमकी तुळशीच्या कुंडीखालची बशी निवडली. आई किंचाळली, "अरे, तुळशीच्या पाण्यात बसलाय मेला!" मी म्हटलं, "बसला नाहीये, पितोय." त्याने वातावरण निवळलं नाही.

बायकोचा विरोध मात्र हळूहळू मावळला. अधूनमधून तो कात टाकतो. हातापायांनी अंगावरून ओढून काढतो आणि लगेच गिळून टाकतो. हे बघून ती बराच वेळ गप्प होती. मग दोरीवरच्या माझ्या शर्टांकडे पाहत म्हणाली, "याचं धुणं तरी पडत नाही." पावसाळ्यात डराव डराव करून माद्यांना बोलावतात ते नर, हे मी तिला वाचून दाखवलं. आमच्या मामलेदाराचा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. "बोलत नाही आणि घरातली झुरळं संपवते, म्हणजे बाईच असणार," असा निवाडा तिने दिला. नाव बदलावं का, यावर आमचं अजून एकमत नाही.

माझी उमेद टिकून आहे ती एका इंग्रज घरामुळे. अठराव्या शतकात डेव्हन परगण्यात अर्स्कॉट नावाच्या गृहस्थांच्या दारातल्या पायऱ्यांखाली एक भेक राहायचा. थॉमस पेनंट या निसर्ग-अभ्यासकाने त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. रोज संध्याकाळी तो मेणबत्तीच्या उजेडात बाहेर यायचा, त्याला उचलून टेबलावर ठेवत आणि अळ्या खाऊ घालत. घरी येणाऱ्या बायकाही किळस बाजूला ठेवून तो सोहळा बघायला मागत. हे तब्बल ३६ वर्षं चाललं; शेवटी पाळलेल्या डोमकावळ्याने त्याचा डोळा फोडला, त्यातून तो सावरला नाही. मी हे जेवणाच्या टेबलावरच सांगितलं, तेही जरा आशेने. बायको म्हणाली, "त्या घरात टेबल कोण पुसायचं, ते लिहिलंय का?" पेनंटने ते लिहिलेलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र प्रकरण तापलं. वरच्या मजल्यावरच्या लॅब्रेडोरने पट्टा सोडवून आमच्या मागच्या दारी धाव घेतली आणि मामलेदाराला तोंडात धरलं. भेकाच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात. दाबल्या की पांढरट विष पाझरतं. लॅब्रेडोरने त्याला ज्या वेगाने धरलं त्याच्या दुप्पट वेगाने सोडलं, आणि लाळ-फेस गाळत साऱ्या आवारात गोल गोल फिरला. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड खळाखळा धुवायला लावलं आणि रात्रभर नजर ठेवायला सांगितलं. सकाळी कुत्रा ठणठणीत होता. मामलेदार तर रात्रीच दिव्याखाली हजर झाला होता.

लॅब्रेडोरच्या बाबांनी सोसायटीकडे तक्रार केली. कमिटीच्या बैठकीत सेक्रेटरींनी मोबाईलवर ऑस्ट्रेलियाची बातमी काढली: भेकांनी देशभर उच्छाद मांडलाय, मगरीसुद्धा मरतात. मी शांतपणे सांगितलं की ते भेक मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. उसातले भुंगेरे खातील म्हणून १९३५ साली हवाईहून क्वीन्सलंडला नेऊन सोडले. भुंगेरे राहिले बाजूला, त्यांनी बाकी सगळं खाल्लं. आमचा अस्सल देशी, इमारत व्हायच्या आधीपासूनचं त्याचं घराणं इथलं. रहिवासी म्हणून आपण सगळे त्याच्यानंतरचे. याच देशी जातीचे भेक मादागास्करला जाऊन पोचलेत आणि २०१४ पासून तिथल्या शास्त्रज्ञांची झोप उडाली आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मीही विषय काढला नाही.

"चामखिळी होतात त्याला हात लावल्याने," खजिनदार म्हणाले. होत नाहीत. चामखीळ होते ती माणसांच्याच विषाणूमुळे, भेकाचा त्यात काही हात नाही. हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी त्यांच्या हनुवटीवरची चामखीळ चाचपली.

अखेर तोडगा निघाला. मामलेदाराला हाकलायचं नाही, पण सोसायटीच्या नियमाप्रमाणे पाळीव प्राणी म्हणून त्याची नोंद करायची. सेक्रेटरींनी छापील अर्ज आणून दिला. त्यातले सगळे रकाने कुत्र्यांसाठी. प्राण्याचं नाव लिहिलं. जात: देशी. लिंग: घरात मतभेद. पट्टा: लागत नाही, तो कुठे जात नाही. रात्री भुंकतो का: नाही, आणि इतरांनीही भुंकू नये ही विनंती. लसीकरण: नाही, विष स्वतःचं आहे.

शेवटचा रकाना होता, 'प्राणी मालकाला ओळखतो का?' अर्ज घेऊन मी मागच्या दारी गेलो, पिंपाशेजारी उकिडवा बसलो. मामलेदाराने माझ्या बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिला. माझी छाती भरून आली. तेवढ्यात माझ्या खांद्यावरचा किडा हलला, जीभ शर्टाला चाटून गेली, डोळे आत गेले आणि बाहेर आले. मी रकान्यात लिहिलं, 'प्रकरण विचाराधीन', आणि खाली सही केली.