आजी-आजोबांचं कॉफीप्रकरण

ऐकलंत का? बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपले ज्येष्ठ नागरिक पार बिघडलेत! जन्मभर ज्यांनी ‘घरी चहा असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे’ असं आपल्याला सुनावलं, तेच नॅशनल पार्कातली फेरी आटोपली की कॅफेचा दरवाजा ढकलतात. लोखंडवालात म्हणे नातीच्या आधी आजीची कॅपुचिनो येते, वर फेसाचं पान काढलेली. मुलुंडला संभाजी उद्यानाच्या बाकावर गुडघेदुखी मागे पडून ‘तुमची ब्लॅक की दुधाची?’ सुरू झालंय. आणि घाटकोपरचे एक काका कॉफीत चमचाभर साजूक तूप घालतात. तूप! वरणभातावरचं! तेही उपाशीपोटी!

आपल्याकडे कॉफी कशी शालीन होती. दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर, वर जायफळ-वेलची आणि कॉफीची पूड नावापुरती. ती मिळायची हळदीकुंकवाला, गाण्याच्या मध्यंतरात, नाहीतर आजारातून उठल्यावर. फिल्टर कॉफीच प्यायची तर माटुंग्याला कॅफे मद्रासपुढे रांग लावायची. 2012 च्या ऑक्टोबरात हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स उघडलं, तेव्हा ‘कॉलेजच्या पोरांची थेरं’ म्हणून नाकं मुरडणारी हीच मंडळी!

टोकायला जावं तर पुरावे तोंडावर फेकतात. 2012 मध्येच अमेरिकेत 50 ते 71 वयाच्या सुमारे चार लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात कॉफी पिणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण थोडं कमी दिसलं. कमी दिसलं म्हणजे कॉफीनेच तारलं असं नव्हे, पण हे शेपूट फॉरवर्ड करताना हमखास गळतं. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही कॉफीला संशयितांच्या यादीतून वगळलं. संशय उरला तो 65 अंशांच्या वर कढत असलेल्या कुठल्याही पेयावर. म्हणजे चहा आगीसारखा लागतो म्हणणाऱ्यांनीही जरा ऐकावं.

तेव्हा खटला भरलाच, तर कॉफी बहुतेक निर्दोष सुटेल. अडकतील ते तिचे साथीदार.

पहिला आरोपी, घड्याळ. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला ग्रुपमध्ये ‘एक छोटीशी’ घेतली, तर रात्री दहाला निम्मी कॉफी जागीच असते. मग दोन वाजता पंख्याची पाती मोजायची आणि सकाळी डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागायची.

दुसरा आरोपी, गोळ्यांचा डबा. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर गिळली की नीट शोषलीच जात नाही. हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही गोळ्यांना तर साधं पाणीच लागतं. शिवाय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये बजावलंय, जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून पालक-बीट खायचं आणि हात वाळायच्या आत कॉफी मागवायची, काय उपयोग? तुपाचं तर बोलूच नका. सकाळी कपात तूप, रात्री कोलेस्टेरॉलची गोळी, हा कुठला न्याय?

एका कलमात मात्र कॉफी स्वतःच सापडते. जपानमधल्या 2022 च्या अभ्यासात ज्यांचं बीपी 160/100 किंवा त्याहून जास्त होतं आणि जे रोज दोन किंवा जास्त कप घेत, त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट दिसला. तेव्हा मशीन लावून आकडा बघा, मग ऑर्डर द्या. बाकीच्यांना पोषण संस्थेची मर्यादा दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफिनची. 150 मिलीच्या कपात इन्स्टंट असेल तर 50 ते 65, फिल्टर असेल तर 80 ते 120. चहाही याच हिशेबात धरायचा, आणि कॅफेतला मग आपल्या घरच्या कपापेक्षा मोठा असतो, हेही.

हे सगळं शेजारच्या आजींना ऐकवलं. त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे सकाळीच प्यायची. अगं, ते सकाळच्या कॉफीचं संशोधन आलं ना, 2025 चं, मी वाचलंय. उद्या नऊला खाली ये. आणि एवढं शिकवलंस, तर बिल तूच दे.”