हत्यारं झाली, लेखन बाकी

लेखकाला आता कशाचीच ददात राहिलेली नाही. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, दाते-कर्व्यांचा शब्दकोशही तिथेच. बोलून टाइप करता येतं. पंचवीस मिनिटं लिहा, पाच मिनिटं विसावा, असं बजावणारं टोमॅटोच्या इटालियन नावाचं घड्याळ आहे. ओळखीच्या एका कादंबरीकाराने हे सगळं जमवलंय. पात्रांचे रंगीत तक्ते तयार, प्रकरणांची कार्डं तयार, शिवाय रोजच्या शब्दसंख्येचा आलेख. तो गेले कित्येक महिने तळाला टेकून आहे, पण दिसतो सुबक.

ज्यांचं लिहून होतं, त्यांचं घोडं पुढे अडतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी दिवाळी अंकाचे संपादक ‘युनिकोड चालेल हं’ असं उपकार केल्यासारखं सांगतात. म्हणजे त्यांचा डीटीपीवाला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवणार, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसणार आणि ‘ष्ट्र’चे तीन तुकडे होणार. लेखकाने फोन केला की उत्तर ठरलेलं: ‘सर, तुमच्या फाइलमध्येच प्रॉब्लेम असेल.’ मानधनाचं विचारलं, तर फाइल मिळालीच नव्हती.

मुद्रितं तपासायला माणूस ठेवणं कोणालाच परवडत नाही. सॉफ्टवेअर आहे की! त्याच्या लेखी ‘दिन’ही शुद्ध आणि ‘दीन’ही शुद्ध. त्यामुळे अंकात महाराष्ट्र दीन होतो, आणि खाली एक लाल रेघसुद्धा उमटत नाही.