सहा फुटी भाचा, पाच फुटी आत्या आणि एक दांडा

फ्लोरिडात टँपाच्या पश्चिमेला, गल्फच्या किनाऱ्याला लागून, ट्रेझर आयलंड नावाचं गाव आहे. नाव वाचून ज्यांचे डोळे लकाकले त्यांना आधीच सांगते, इथे खजिना कधीच नव्हता. गाव वसत होतं तेव्हा काही मालकांचे प्लॉट खपेनात. त्यांनी वाळूत लाकडी पेट्या पुरल्या, मग त्या अचानक सापडल्याचं नाटक केलं आणि आत घबाड असल्याची आवई उठवली. गावाला नाव मिळालं ते तिथून. आपल्याकडे हेच काम हल्ली गुळगुळीत कागदावरच्या ब्रोशरवर भागतं, पेट्यांचा खर्च वाचतो.

अशा गावी मी धातू शोधायला गेले. तेही पाण्यात. तेही उजवा खांदा वर्षभर आखडलेला असताना.

झालं असं की माझ्या भाच्याला मेटल डिटेक्टरचं वेड आहे. तो टँपात नोकरी करतो आणि शनिवार उजाडला की कानाला हेडफोन लावून समुद्रात चालू लागतो. भाचेसून सुज्ञ आहे. ती किनाऱ्यावर छत्री रोवून पुस्तक वाचते आणि अंधार पडायच्या आत नवरा परत येतो की नाही एवढंच बघते. "आत्या, तू एकदा चल, खांद्याला व्यायाम होईल," असं भाचा म्हणाला. पुण्यातल्या माझ्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम सांगितला होता तो भिंतीवर बोटं चढवण्याचा. समुद्र झाडायचा त्यात उल्लेख नव्हता. पण फुकट व्यायाम म्हटल्यावर माझा विवेक सुटतो.

त्याआधी मला फ्लोरिडाचा दुसरा किनाराही दाखवला गेला. तिथे 1715 च्या जुलैअखेरीस हवानाहून स्पेनला निघालेली सोन्याचांदीची अकरा जहाजं एका वादळात बुडाली आणि हजारेक माणसं गेली. आजही वादळानंतर त्या वाळूत एखादं चांदीचं नाणं वर येतं. सेबॅस्टियन इनलेटजवळ एक छोटं संग्रहालय आहे, नीट मांडलेलं. पण त्या जहाजांच्या जागी पाण्यात उतरून शोधायची सोय नाही. सरकारी समुद्रतळावरची पन्नास वर्षांहून जुनी वस्तू राज्याची, शिवाय त्या जहाजांवर कोर्टाने हक्क ठरवून दिलेले. म्हणून आम्ही मुकाट गल्फकडे वळलो, जिथे लोकांच्या अंगठ्या सनस्क्रीनमुळे बोटांतून घसरतात आणि त्यांच्यावर स्पेनचा राजा हक्क सांगत नाही. वाटेत 1928 सालचं एक प्रचंड गुलाबी हॉटेल लागलं. गुलाबी आहे. बाकी काही आठवत नाही, कारण मी मागच्या सीटवर त्या यंत्राचा दांडा मांडीवर आडवा धरून बसले होते आणि प्रत्येक वळणाला तो माझी हनुवटी तपासत होता.

आता या दांड्याविषयी. डिटेक्टर विकणारे तुम्हाला यंत्र किती खोलवरचं ओळखतं, सोनं आणि कॅनची रिंग वेगळी सांगतं का, मिठाच्या पाण्यात उगाच ओरडतं का, हे तासभर सांगतात. खालची गोल कॉइल, वरचा डबा, त्यातले आकडे यांची आरती चालते. या दोन्हींच्या मध्ये जी काठी असते तिच्याबद्दल अवाक्षर नाही. आणि हात मोडतो तो काठीपायी. पूर्वी यंत्रच अवजड असायचं. दुसऱ्या महायुद्धात कोसाट्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधायचं जे यंत्र बनवलं ते साधारण 14 किलोंचं होतं. एल अलामेनच्या वाळवंटात ते घेऊन सैनिक सुरुंगांतून चालले. त्याने पेटंट घेतलं नाही, यंत्र ब्रिटिश सैन्याला भेट दिलं आणि बदल्यात राजाकडून आभाराचं पत्र मिळालं. आमच्या बँकेतही निवृत्तीला असंच पत्र मिळालं होतं, तेव्हापासून मला कोसाट्स्की जवळचा वाटतो. आजचं यंत्र दीड किलोच्या आत येतं. पण ते दीड किलो मुठीत नसतात, हातभर पुढे असतात आणि पाण्यात असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. दुकानात दांडा हवेत फिरवून "वा, किती हलका!" म्हणणाऱ्या माणसाला हा आकडा कुणी सांगत नाही.

भाच्याने माझ्या हाती दिला तो कार्बन फायबरचा, सरळ, पोकळ, त्याच्या बोलण्यावरून जगातला सर्वोत्तम दांडा. किंमत ऐकून मी रुपयांत हिशेब केला आणि मग हिशेब केल्याचं दुःख केलं. भाचा सहा फूट उंच आहे. मी पाच फूट, तेही सकाळी. दांडा पूर्ण मिटवला तरी कॉइल माझ्यापासून इतकी लांब राहायची की आम्ही दोघं वेगवेगळ्या सहलीला आलोय असं वाटावं.

"कमरेइतक्या पाण्यातच जायचं हं, आत्या," तो म्हणाला आणि चालू लागला. कुणाच्या कमरेइतक्या, हे ठरलं नव्हतं. तो थांबला तिथे पाणी त्याच्या कमरेला होतं आणि माझ्या बरगड्यांना. शिवाय चालायचं ते पाय न उचलता, तळ घासत. गल्फच्या उथळ वाळूत उन्हाळ्यात स्टिंग रे नावाचे चपटे मासे अंग पुरून पडलेले असतात. पाय पडला तर शेपटीचा काटा मारतात. घासत गेलं तर त्यांना चाहूल लागते आणि ते बाजूला होतात. तर मी पाय घासत, बरगड्यांपर्यंत पाण्यात, कानाला हेडफोन, उजव्या हातात दांडा, डाव्या हातात भोकं पाडलेल्या स्टीलच्या पात्याचं लांब फावडं, अशी निघाले. किनाऱ्यावर खुर्च्या टाकून बसलेल्या निवृत्त मंडळींनी पेपर खाली ठेवले.

कॉइल तळाला टेकवायची आणि डावी-उजवीकडे सावकाश फिरवायची, एवढंच काम. पण टेकेल तर ना! दोन्ही टोकं बंद असलेला पोकळ दांडा, आत हवा. विहिरीत रिकामी घागर दाबावी तशी मी कॉइल खाली दाबत होते आणि ती तितक्याच निष्ठेने वर येत होती. खाली दाबायला खांदा, वर आली की आवरायला खांदा. लाट आली की कॉइल बाजूला ढकलली जाई आणि तिच्यामागून दांडा मनगट पिरगाळत जाई. कोपराजवळच्या खोबणीत हात पट्ट्याने बांधलेला. यंत्र हातातून निसटू नये म्हणून ही सोय. यंत्र निसटलं नाही. माझी मात्र निसटायची फार इच्छा होती.

मग दांड्याच्या सांध्यावरच्या लॉकमध्ये वाळू गेली. आतला दांडा घसरला आणि मुळात लांब असलेली ती वस्तू आणखी वीतभर वाढली. तेवढ्याने भागेना म्हणून ती स्वतःभोवती फिरली. कॉइल उलटी होऊन आकाशाकडे बघू लागली. वर एक पेलिकन चालला होता. त्याच्यात धातू नसावा, कारण यंत्र गप्प होतं.

मी ते कसंबसं सुलटं केलं आणि त्याच क्षणी हेडफोनमध्ये असा आवाज फुटला की स्पेनचं बारावं जहाज सापडलं असं वाटलं. मोठ्ठा, स्वच्छ, न थांबणारा. मी फावडं पुढे ओढलं. आवाज वाढला. फावडं मागे नेलं, आवाज गेला. पुन्हा पुढे, पुन्हा आवाज. हे बराच वेळ चाललं. भाचा लांबून हात हलवत होता, मी त्याला हात हलवून आनंद कळवत होते. तो ओरडत होता ते हेडफोनमुळे ऐकू येत नव्हतं. ते असं होतं : "आत्या, फावडं! फावड्याचं पातं स्टीलचं आहे!" भाचेसुनेने ते सगळं किनाऱ्यावरून चित्रित केलं आणि संध्याकाळपर्यंत ते चिंचवड, सातारा आणि दुबईतल्या नातेवाइकांपर्यंत पोचलं. आमच्या घरात लग्नाची निमंत्रणं एवढ्या वेगाने जात नाहीत.

तेवढ्यात एक म्हातारेबुवा पाण्यातून चालत आले. ऐंशीच्या घरातले, अंग उन्हाने रापलेलं, हातात आखूड, ओरखड्यांनी भरलेला दांडा. त्यांनी मला 'यंग लेडी' म्हटलं, तेव्हा मी त्यांचं पुढचं सगळं ऐकायचं ठरवलं. त्यांची मतं ठाम होती आणि त्यांना ती फार दिवस कुणाला सांगता आली नसावीत. एस आकाराचा वळणदार दांडा वाळूवर चालताना मनगटाला बरा, पण पाण्यात तोच मनगट पिळतो, म्हणून सरळच घ्यावा. पोकळ दांड्याला वर आणि खाली भोक पाडावं. पाण्यात शिरलं की तो आतून भरतो आणि तरंगायचं विसरतो, बाहेर आलं की रिकामा होतो. कॉइल भरीव आणि मोठी नको, मध्ये मोकळ्या जागा असलेली, लहान हवी. पाण्याला जायला वाट पाहिजे. खालचा तुकडा धातूचा नको, नाहीतर यंत्र स्वतःच्याच पायावर ओरडतं. आणि खोल पाण्यात दांडा आखूड, कारण जितका लांब तितका मनगटावर भार. त्यांनी माझ्या दांड्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि भाच्याला म्हणाले, "हा तुझा आहे. बाईंचा कुठाय?"

भाचा उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच लांब ढग गडगडले. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी हे रोजचं, आणि कार्बन फायबरमधून वीज जाते. बरगड्यांपर्यंत पाण्यात दांडा धरून उभं राहायला यापेक्षा वाईट वेळ नसते. पाय घासायचा नियम पाळून जितकं धावता येईल तितकी मी धावले. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दिवसाची कमाई : कॅनच्या रिंगा, मासेमारीचं शिसं, एक केसांची पिन. माणसं कॅनची रिंग समुद्रात का टाकतात, हे मला अजून समजलेलं नाही. खिसा नाही का? कचऱ्याचा डबा चाळीस पावलांवर होता. यंत्रासाठी सोन्याची अंगठी आणि ती रिंग यांचा आवाज बराच सारखा असतो, त्यामुळे प्रत्येक रिंगेपायी कुणीतरी म्हातारा कमरेत वाकतो.

रात्री गॅरेजमध्ये खुडबुड ऐकून मी गेले. भाच्याने जुना दुसरा एक दांडा काढला होता. "सरळ उभी राहा, आत्या. हात सोड. आता कोपर जरा वाकव." टेपने त्याने माझं माप घेतलं, कोपर ते मूठ, मूठ ते जमीन. कंबर न वाकवता कॉइल पायापुढे तळाच्या जरा वर राहिली पाहिजे, तेच बरोबर माप, असं तो पुटपुटत होता. हा दोन वर्षांचा असताना मी विणलेल्या स्वेटरसाठी याचे हात असेच पसरायला लावायची आणि हा रडायचा. मग त्याने तोंडाला मास्क लावला, कारण कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून, पाणी सोडत, हॅक्सॉ चालवू लागला. मास्क घसरला तेव्हा दिसलं : जीभ डाव्या बाजूला दातांत धरली होती. माझा भाऊ चिंचवडला कारखान्यात फिटर होता. पत्रा कापताना त्याची जीभ तिथेच असायची, आई ओरडायची तरी. त्याला जाऊन बराच काळ झाला. मुलाने वडिलांना करवत धरताना फारसं पाहिलंही नसेल.

मी आत जाऊन पाणी प्यायले.

परत आले तेव्हा दोन्ही टोकांना भोकं पडली होती, मुठीवर सायकलच्या हँडलची टेप गुंडाळून ती जाड केली होती, कारण बारीक मूठ आवळून धरायला जास्त जोर लागतो. हाताची खोबण दोन बोटं पुढे सरकवली होती. सांध्यावरचं लॉक त्याने काढून नळाखाली धुतलं आणि मला बजावलं की समुद्रातून आल्यावर दरवेळी दांडा पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर वाळू लॉक खाते आणि मीठ अ‍ॅल्युमिनियमचे भाग खातं.

पुढच्या शनिवारी मी माझ्या कमरेइतक्या पाण्यात उभी होते. कॉइल तळाशी राहिली. मनगट जागेवर राहिलं. खांदा दुखला, पण नेहमीचाच, नवा नाही. सापडलं काय, तर क्वार्टरची दोन-तीन नाणी, काळी पडलेली, आणि एक खेळण्यातली मोटार, चाकं शाबूत. मोटार मी ठेवली. म्हातारेबुवांनी लांबूनच दांडा पाहिला आणि मान डोलावली. सेबॅस्टियनचं संग्रहालय बघून मला एवढं समाधान झालं नव्हतं.

निघताना भाचा म्हणाला, "घेऊन जा आत्या, कोकणात वापर." पण आपल्याकडे 1878 चा कायदा आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! कॅनच्या रिंगांची पिशवी घेऊन कलेक्टर कचेरीत रांगेत उभी राहायची माझी तयारी नव्हती, म्हणून दांडा टँपातच ठेवला. त्यावर माझं नाव मार्करने लिहिलं आहे, भाच्याने चुकून वापरू नये म्हणून. तो वापरूही शकणार नाही, त्याला वाकावं लागेल.

तुम्हाला पाण्यात उतरायचंच असेल आणि तुमची उंची माझ्यासारखी असेल तर दुकानदाराला एकच विचारा : हा दांडा कमीत कमी किती आखूड होतो? जास्तीत जास्त किती लांब होतो ते तो न विचारता सांगेल.